देऊनये

खेड्यात मोडी वाचणारा माणूस म्हणजे पूर्वीच्या काळचा वैद्यच. त्याला वेळ-काळ नसतो. दुपारी जेवून जरा पाठ टेकावी, तो अंगणात मोटारसायकल थांबते, आणि कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, घडीवर फाटलेला, कसरीने खाल्लेला एक कागद काढून म्हणतो, "मास्तर, एवढं बघा हो. आमच्या पणज्याचं नाव आहे का यात?" २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

खरे सांगायचे तर मी काही मोडीतला पंडित नव्हे. उभा जन्म शाळेत मुलांना बालबोध शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून मोडीच्या एका वर्गाला जाऊन बसलो. महिनाभरात अक्षरे आली. मला वाटले, झाले, आता वाचता येईल! पण पहिला अस्सल कागद समोर आला आणि ध्यानात आले की, अक्षरे ही मोडीतली खरी अडचण नव्हेच. अडचण आहे ती शब्दांची.

वाचकांपैकी ज्यांनी मोडी कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपण बालबोधीत शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढतो, आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबवीत जातो. हात शक्य तितका उचलायचा नाही, हीच तर त्या लिपीची खुबी. त्यामुळे शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला याची खूण नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर 'राजमान्य राजश्री' एवढ्या लांबलचक मायन्याचे नुसते 'रा. रा.' झालेले! वळणीवर दाटीवाटीने धुणे वाळत घातले म्हणजे कोणाचे धोतर कुठे संपते आणि कोणाचे लुगडे कुठे सुरू होते ते लांबून कळत नाही. तसा तो प्रकार असतो. ज्याने वाळत घातले त्याला मात्र सगळे ठाऊक असते.

लोकांचे कागद वाचता वाचता एक दिवस मी स्वतःच्या घरची पेटी उघडली. इथूनच माझ्या गोष्टीला सुरुवात होते.

माझे आजोबा मुंबईत एका पेढीवर कारकून होते. मोडी ते तिथेच शिकले. त्यांच्या पाठचा भाऊ गावी शेती पाहत असे. त्याला अक्षरओळख नव्हती. दोघांच्या पाठीवर एक बहीण. ती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला दिलेली. १९४१ साली तिच्या घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला. घरात पोरेबाळे आणि कणगीत दाणा नाही. तिने माहेरी निरोप धाडला, की थोडे भात द्या, पुढल्या साली फेडू. धाकट्याने थोरल्याला मुंबईस विचारून पाठवले. दिवाळीच्या तोंडावर आजोबांचे पत्र आले. गावातल्या एका जाणत्याने ते चावडीवर वाचून दाखवले. अर्थ असा निघाला, की धाकटीला भात देऊ नये.

भाऊबीजेला बहीण टोपली घेऊन आली होती. तशीच रिकामी परत गेली. त्यानंतर ती या घराची पायरी चढली नाही. आजोबांना हे सारे कळायचे, पण पुढला पावसाळा लागायच्या आतच ते मुंबईत तापाने गेले. मग विचारायचे कोणाला? म्हशाच्या जत्रेत दरवर्षी पौषी पौर्णिमेला दोन्ही घरची माणसे बैल बघायला, घोंगड्या घ्यायला यायची आणि एकमेकांना पाहून तोंडे फिरवायची. हे मी लहानपणी स्वतः पाहिले आहे. 'ती तुझी आत्या,' असे आई हळूच सांगायची. पण 'जा, पाया पड,' असे कधी म्हणायची नाही.

पेटीत तेच पत्र निघाले. आश्विन वद्य, शके १८६३. मी भिंग घेऊन बसलो. आजोबांचा हात सुरेख होता. तिसऱ्या ओळीवर आलो आणि थांबलो. अक्षरे अगदी स्पष्ट होती. ती अशी:

धाकटीचेघरीदोनमणभातदेऊनये

वाचकहो, आपणच सांगा, इथे काय लिहिले आहे? 'देऊ नये' की 'देऊन ये'? भात देऊ नकोस, की भात पोचते करून परत ये? अक्षर एकही बदलत नाही. एका 'न'ने मागच्या शब्दाचा हात धरायचा की पुढच्याचा, एवढाच प्रश्न. पण तेवढ्यावर एक बहीण आयुष्यभर माहेराला मुकली होती!

त्याच आठवड्यात माझा पुतण्या ठाण्याहून आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. मी मोडी कागद उलगडतो हे पाहून त्याला फार उत्साह चढला. "काका, हे तर आमचंच काम आहे. तुम्ही पत्र बालबोधीत टाइप करा, शब्द मी पाडून देतो."

त्याने मला त्यांच्या पायथॉन भाषेची एक आज्ञा दाखवली. नाव 'स्प्लिट'. अक्षरांची माळ यंत्राला द्यायची, ते तिचे तुकडे करून शब्दांची यादी हातात ठेवते. त्याने 'आई घरी आली' असे लिहिले. क्षणार्धात तीन शब्द वेगळे! मग त्याने आजोबांचे पत्र दिले. यंत्राने तेवढ्याच तत्परतेने उत्तर दिले. सारे पत्र मिळून शब्द एक!

"काका," तो गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या आजोबांनी मुंबईहून फक्त एक शब्द लिहून पाठवलाय."

त्यातले इंगित असे, की ते यंत्र शब्द ओळखीत नाही. ते मोकळी जागा ओळखते. जिथे जागा दिसेल तिथे कात्री चालवते. शब्द वेगळे करण्याचे खरे काम लिहिणाऱ्यानेच आधी केलेले असते. आणि जागा सोडणाराही काही एका न्यायाने सोडतो असे नाही. 'घरासमोरच्यालासुद्धा' हा मराठीत शब्द एक की तीन? यंत्र म्हणते एक, कारण आपण तो जोडून लिहितो. इंग्रजाला तेवढेच सांगायला अर्धी ओळ लागेल.

मला तोवर वाटत असे, की दोन शब्दांमधली मोकळी जागा ही सृष्टीच्या आरंभापासूनच आहे. तसे मुळीच नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखऱ्यापासून नाणेघाटाची वाट चढते. वर घाटमाथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहनांच्या नागनिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख लेण्याच्या भिंतीवर आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दान दिले याची ती यादी. त्या ब्राह्मी लेखांतून शब्द सुटे करून लिहिण्याची चाल नव्हती. भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांना आधी अक्षरे लावावी लागली आणि मग शब्द. तिकडे युरोपातही तीच तऱ्हा. रोमन लोक लॅटिन सलग लिहीत. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडमधल्या मठवासीयांनी शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली, कारण लॅटिन ही त्यांची मायबोली नव्हती; परक्या भाषेत शब्द कुठे तुटतो ते कानाला कळत नसे. चिनी, जपानी आणि थाई लोक तर आजही शब्द न तोडता लिहितात आणि त्यांचे काही अडत नाही. अडते ते संगणकाचे.

आपल्याकडे ही शिस्त पक्की केली ती मुख्यतः छापखान्याने. विल्यम कॅरीने १८१० साली श्रीरामपूरला मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांत. पण पुढे छापण्याला बालबोधच सोयीची ठरली. खिळे जुळवणाऱ्याला मोकळ्या जागेसाठीसुद्धा शिशाचा एक तुकडा हाताने बसवावा लागे. म्हणजे 'काही नाही' हीसुद्धा एक वस्तू झाली! मेजर कँडीने १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढले आणि आपली वाक्ये थांबायला शिकली. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध धरली. तरी माझ्या आजोबांसारखे पेढीवरचे लोक मोडीतच लिहीत राहिले. एका हाताने लिहायचे आणि ओळखीच्या हाताने वाचायचे, अशा जगाची ती लिपी होती. तिथे तुटक लिहिण्याची गरज भासत नसे.

पुतण्याने हार मानली नाही. त्याने यंत्राला शब्दांचा एक कोश दिला: भात, दोन, मण, बैल, दे, देऊ, देऊन, ये, नये, असे चारपाचशे शब्द. मग युक्ती अशी, की डावीकडून सुरुवात करायची, कोशात सापडेल तो लांबात लांब शब्द तोडायचा, आणि उरलेल्या माळेवर पुन्हा तेच. चीन-जपानकडच्या भाषांसाठी लोकांनी अशा युक्त्या कधीपासून वापरल्या आहेत, असे तो म्हणाला.

यंत्र भराभर चालले. धाकटीचे, घरी, दोन, मण, भात. आणि मग 'देऊन' हा लांब शब्द तोडून उरलेला 'ये'. देऊन ये! मी खुर्चीतून उठलोच.

"थांबा काका," पुतण्या म्हणाला, "आता उजवीकडून तोडून बघू." उजवीकडून आधी सापडला 'नये'. उरले 'देऊ'. देऊ नये! तेच यंत्र, तोच कोश, तेच पत्र. नुसते टोक बदलले तर निकाल फिरला.

मला हसावे की रडावे ते कळेना. चावडीवर पत्र वाचणाऱ्या त्या जाणत्या माणसाला आमच्या घरात तीन पिढ्या दूषणे देत आलो होतो. त्याने यापेक्षा वेगळे काय केले होते? तोही बिचारा एका टोकाने निघाला असेल.

पुतण्या म्हणाला, की आताची मोठी यंत्रे लाखो वाक्ये वाचतात, कोणता शब्द कोणाच्या शेजारी अधिक बसतो ते मोजतात, आणि त्यावरून कौल देतात. मी म्हणालो, "बाबा रे, हे ठीक आहे. पण जगातले पुष्कळ लोक काय म्हणतात यावरून माझे आजोबा काय म्हणाले, हे कसे ठरवायचे?"

तो म्हणाला, "मग आजोबांनाच विचारा."

तो थट्टेने म्हणाला, पण मला वाट सापडली. मी सबंध पत्र पुन्हा वाचायला घेतले. पुढल्याच ओळीत होते: काळाबैलविकूनको. यंत्राने तिथे आधी 'विकून' तोडले आणि उरलेल्या 'को'पाशी अडखळले, कारण 'को' असा शब्दच नाही. मग ते मुकाट्याने माघारी आले आणि त्याने 'विकू' 'नको' असे तोडले. माघार घेता येणे हा त्या यंत्राचा मला सर्वांत आवडलेला गुण! पण माझे लक्ष वेधले ते वेगळ्या गोष्टीने. आजोबांना जिथे मना करायचे होते तिथे ते धाकट्याला 'नको' म्हणत होते. पत्रात अशा जागा चार होत्या. बैल विकू नको, सावकाराकडे जाऊ नको, पोराला शाळेतून काढू नको, माझी काळजी करू नको. चारही ठिकाणी 'नको'. 'नये' पत्रभर कुठेही नाही. आणि जिथे करायला सांगायचे तिथे सरळ एकेरीत: सांग, ठेव, लिहून कळव. धाकट्या भावाशी बोलताना 'नये' असे सरकारी फर्मान काढणारा तो माणूसच नव्हता. तो 'देऊन ये' म्हणत होता.

तरी मला माझाच भरवसा येईना. मला हवा तोच अर्थ मी काढत नाही ना? टाक पुन्हा दौतीत बुडवल्याची खूण 'न'च्या पुढे दिसत होती. पण शब्द संपण्याची वाट पाहून शाई संपत नाही, म्हणून तो पुरावा मी सोडून दिला. मग मोडीच्या वर्गातल्या माझ्या दोन सोबत्यांना तेवढी एकच ओळ दाखवली, मागची कथा न सांगता. एकाने 'देऊ नये' वाचले, दुसऱ्याने 'देऊन ये'! नंतर दोघांपुढे सबंध पत्र ठेवले. दोघांनीही शेवटी मान हलवून 'देऊन ये' असाच निवाडा दिला.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, मी आणि पुतण्या दोन पोती भात गाडीत टाकून निघालो. मणाचे माप गावोगाव वेगळे. आम्ही चाळीस किलोंचा एक धरला. शहापूर सोडले, किन्हवलीवरून सरळगाव गाठले आणि माळशेजच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना कापणी चालली होती. कुठे खळ्यावर झोडणीचा आवाज येत होता. दोन तालुके ते केवढे, आणि हा रस्ता कापायला आमच्या घराला त्र्याऐंशी वर्षे लागली.

आत्याआजी कधीच गेली. तिची लेक आहे, नव्वदीची. नात्याने माझी आत्या. जत्रेत जिच्या पाया पडायचे राहिले तीच ही. तिने आम्हाला ओळखले नाही. नाव सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसली. मी पत्र काढले. ओळ वाचून दाखवली, दोन्ही तऱ्हांनी तोडून दाखवली, आजोबांचे चार 'नको' दाखवले. मास्तरकीची सवय, सगळे फळ्यावर मांडल्यासारखे सांगितले. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "मी आठ वर्साची व्हते. आई रिकामी टोपली घेऊन आली. त्या साली आमी नाचणीची पेज नि करांदे खाल्ले. तू आता कसाबी तोड बाबा, त्या साली भात काय आलं नाय."

मी काय बोलणार? पत्र घडी करू लागलो. तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "थोरला मामा दे म्हनला व्हता, ते कळलं. बरं झालं. आई त्याच्यावरच रागावून मेली. पन धाकट्या मामाचं मला कळत नाय. सख्खी भैन दारात हुबी व्हती. तिचं त्वांड दिसत व्हतं. तरी त्यानं कागदालाच इचारलं."

एवढे बोलून तिने सुनेला हाक मारली आणि पोती उतरवून घ्यायला सांगितले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. निघताना मी वाकून पाया पडलो.

परतताना गाडीत पुतण्या फारसे बोलला नाही. त्या रात्री त्याने आपल्या यंत्रात एक लहानसा बदल केला. डावीकडून आणि उजवीकडून तोडून निकाल एकच आला तर पुढे जायचे. निराळा आला तर तिथे थांबायचे, दोन्ही वाचने दाखवायची आणि खाली लिहायचे: 'इथे माणसाला विचारा.' २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली आहे. उद्या यंत्रे मोडी अक्षरेही झरझर ओळखतील, आणि ओळखावीत. हजारो कागद अजून वाचकाची वाट पाहत पडले आहेत. पण एवढी एक ओळ त्यांच्यात राहू द्यावी.

मीही माझी रीत बदलली आहे. आता कोणी कागद घेऊन आला तर मी झरझर वाचून मोकळा होत नाही. जिथे शब्द दोन तऱ्हांनी तुटतो तिथे त्याच्या नकलेवर पेन्सिलीने बारीक खूण करतो, दोन्ही अर्थ सांगतो आणि विचारतो, "हे लिहिणारा माणूस कसा होता, काही ऐकलंय का घरी?" लोक जरा चकित होतात. कागद वाचायला आणला, तर मास्तर आपल्यालाच प्रश्न विचारतात! पण मग हळूहळू बोलू लागतात. बोलणे संपते तेव्हा अंगणातले ऊन कलंडलेले असते, आणि माझी दुपारची झोप त्याही दिवशी बुडालेली असते.